पीकरक्षणाची बंदूक आणि राखणदाराचे कान

पीकरक्षणासाठीं बंदूक घेऊं इच्छिणारा शेतकरी दुकानांत गेला म्हणजे नळींतून उजेडाकडे पाहतो, दस्ता खांद्यास लावून पाहतो, चाप हलका कीं जड हें आजमावतो आणि काडतुसांचा भाव विचारतो. त्यापूर्वीं सातबाऱ्याचे उतारे, पोलीस ठाण्याचा अहवाल आणि इतर कागद यांच्या जुळवाजुळवींत त्याचे महिनोन्महिने गेलेले असतात. एवढी काळजी घेणारा हा गृहस्थ, ज्या कानांपासून दोन हातांवर ती बंदूक उडणार त्या कानांसाठीं मात्र कवडीचीही तरतूद करीत नाहीं. बंदुकीच्या आवाजापासून कानांचें रक्षण कसें करावें, त्यासाठीं बाजारांत काय मिळतें आणि त्यांतून आपल्या कामास योग्य तें कसें निवडावें, याविषयीं चार गोष्टी आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमची उमर महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. शस्त्रपरवान्याच्या नूतनीकरणाचे कागद बरींच वर्षें आमच्या टेबलावरून जात असत. अशा दिवशीं कचेरीबाहेरील बाकावर बसलेल्या मंडळींत एक गोष्ट आमच्या ध्यानांत येई. शिपायानें नांव पुकारलें असतां ज्यांस शेजाऱ्यानें कोपराचा धक्का देऊन उठवावें लागे, त्यांत जुने परवानेवाले पुष्कळ असत. शिपाई हसून ‘म्हातारपण’ म्हणे. परंतु त्यांतले कित्येक अजून पन्नाशीच्या अलीकडचे होते. आणखी असें कीं, टेबलापाशीं आल्यावर ते बहुधा उजवा कान पुढें करून ऐकत. आमची ही पाहणी शास्त्रीय नव्हे हें आम्ही जाणतों. तरी उजव्याच कानाचें कारण काय, हें आम्हांस पुढें वाचनांत सांपडलें, तें खालीं येईलच.

प्रथम कायद्याची बाजू थोडक्यांत. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमांत पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देतां येते. २०१९ सालच्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षांवर आली. बंदुकीचा परवाना हातीं असला, तरी रानडुकरावर किंवा रोह्यावर ती झाडण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें वेगळी परवानगी लागते, हें विसरूं नये. बार हवेंत काढला म्हणून कानास तो लहान लागत नाहीं, एवढेंच या ठिकाणीं आमचें म्हणणें.

आतां आवाजाच्या मापाकडे वळूं. आवाज डेसिबलांत मोजतात. परंतु हें माप तराजूच्या वजनांसारखें सरळ चढत नाहीं. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ति दहापट होते आणि वीस वाढले म्हणजे शंभरपट. ज्यांनीं सावकाराच्या चक्रवाढीचा हिशेब एकदां भोगला आहे, त्यांस ही चाल समजावून सांगण्याची गरज नाहीं. ओसरीवर बसून आपण बोलतों तो आवाज साधारण ६० डेसिबल असतो. छप्पर नसलेला ट्रॅक्टर जोरांत चालत असतां हांकणाऱ्याच्या कानाशीं तो ९० ते १०० च्या घरांत जातो. अमेरिकेंतील कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेनें ८५ डेसिबलच्या आवाजांत रोज आठ तास ही मर्यादा सांगितली असून पुढें दर तीन डेसिबलांस ती मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलास अवघीं पंधरा मिनिटें. ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि कडबा कापण्याचें यंत्र यांजवळ दिवस काढणाऱ्यांनीं हा आंकडा आपल्याशीं ताडून पाहावा.

बंदुकीचा आवाज मात्र या तासांच्या हिशेबांत बसत नाहीं. तो क्षणांत येतो आणि क्षणांत जातो. असल्या आवाजास १४० डेसिबल ही वरची सीमा मानितात. त्यापुढें एकाच बारानें कानास कायमची इजा होऊं शकते. लहान मुलांसाठीं ही सीमा १२० धरितात. बावीस बोअरची हलकी रायफलसुद्धां १४० च्या आसपास पोंचते आणि आपल्याकडील बारा बोअरची बंदूक १५० ते १६५ पर्यंत जाते. १४० आणि १६० यांत कागदावर वीसच दिसतात. वस्तुतः अंतर शंभरपटीचें आहे. नळी आंखूड असेल तर आवाज कानास अधिक लागतो. ठासणीच्या बंदुकींत काळी दारू असते म्हणून तिचा आवाज जाड व गोल वाटतो, आणि त्यावरून ती कानास सौम्य आहे असा समज पुष्कळांचा आहे. तो सोडून द्यावा.

कानाच्या आंत शंखाच्या आकाराची एक पोकळी आहे. तींत सुमारें पंधरा हजार सूक्ष्म केसाळ पेशी असतात. आवाजाच्या लहरींनीं त्या डोलतात आणि मेंदूस खबर देतात. जोराच्या वाऱ्यानें लोळलेलें पीक दोन दिवसांनीं पुन्हां मान वर काढतें, तसें मध्यम आवाजानंतर या पेशींचें होतें. कान थोडा वेळ बधिर राहतो आणि मोकळा होतो. परंतु गारपिटीनें मोडलेलें ताट जसें उभें राहत नाहीं, तशी बंदुकीच्या दणक्यानें मेलेली पेशी पुन्हां उगवत नाहीं. मनुष्याच्या कानांत या पेशी जन्मास येतांना मिळतात तेवढ्याच. ‘मला आतां आवाजाची संवय झाली आहे, कांहीं वाटत नाहीं,’ असें जो अभिमानानें सांगतो, त्याच्या कानांचें काय झालें असावें तें यावरून उमगेल.

उजव्या खांद्यास दस्ता लावून नेम धरणाऱ्याचें डोकें किंचित् उजवीकडे वळतें. त्यायोगें डावा कान नळीच्या तोंडाच्या बाजूस येतो आणि उजव्या कानावर डोक्याची छाया पडते. म्हणून उजव्या हाताच्या बंदूकवाल्याचा डावा कान आधीं व अधिक बिघडतो. आमच्या कचेरींतील मंडळी उजवा कान कां पुढें करीत, त्याचा उलगडा असा आहे. डावखुऱ्याचें याच्या उलट.

ही हानि पटकन् लक्षांत येत नाहीं, कारण प्रथम बारीक व उंच स्वर जातात. जाड आवाज शाबूत राहतात. माणूस बोलतो आहे हें ऐकूं येतें, पण काय बोलतो तें कळत नाहीं. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ हीं अक्षरें त्या उंच स्वरांवर उभीं असतात. तीं गळलीं कीं बाजारांत अडत्यानें पुकारलेले ‘साठ’ आपल्यास ‘आठ’ वाटतात, आणि बायकामुलांच्या बोलण्याचा अर्थ ओठांवरून ताडावा लागतो. घरची मंडळी समजतात कीं हा लक्ष देत नाहीं. याला वाटतें कीं सारेजण पुटपुटतात. आमच्या ओळखीच्या एका बागाईतदाराचे यावरून सुनेशीं कित्येक महिने बोलणें तुटलें होतें. नाग फडा काढून फूत्कार करितो तो आवाजही याच जातीचा. रात्रीं पाणी धरणाऱ्यानें याचा विचार करावा. कित्येकांस या जोडीला कानांत अखंड किर्र असा नाद लागतो. दिवसां कामाच्या गडबडींत तो सोसतो, परंतु रात्रीं गांव निजल्यावर त्या नादापायीं झोंप लागत नाहीं. यावर हमखास उतार देणारें औषध नाहीं.

उपायांकडे येतांना आधीं चुकीचे उपाय काढून टाकूं. आपल्याकडे सर्वांत अधिक चालतो तो कापसाचा बोळा. कपाशी पिकविणाऱ्या प्रांतांत कापसाविषयीं वाईट बोलणें जिवावर येतें. पण कोरडा बोळा आवाज फार थोडा अडवितो, आणि आपण सुरक्षित आहों अशी खोटी समजूत मात्र करून देतो. कोणी कागद चघळून घालतात, कोणी रिकाम्या काडतुसाचें तोंड कानांत बसवितात. पहिल्यानें कांहीं होत नाहीं. दुसरें कानांत अडकून बसतें. बोट कानांत घालण्याचा उपाय शेजाऱ्यास चांगला, परंतु ज्याचे दोन्ही हात बंदुकीवर आहेत त्यानें काय करावें?

खरीं साधनें दोन जातींचीं. एक कानाच्या छिद्रांत घालावयाचें बूच, ज्यास दुकानदार इअरप्लग म्हणतात. दुसरें सबंध कान झांकणाऱ्या दोन वाट्या, म्हणजे इअरमफ.

बुचांत स्पंजासारख्या मऊ फोमचें बूच सर्वांत स्वस्त आणि नीट घातल्यास सर्वांत गुणकारी. ‘नीट घातल्यास’ या शब्दांवर आमचा जोर आहे. पुष्कळ जण तें अर्धें बाहेर ठेवून दाबतात. तसें तें कापसाहून फारसें बरें नाहीं. रीत अशी: हात धुवून बूच दोन बोटांत वळवावें, वातीसारखें बारीक व बिनसुरकुतीचें करावें. मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व मागें ओढावी. त्यायोगें कानाची वांकडी वाट सरळ होते. बूच आंत सारून अर्धा मिनिट बोटानें धरून ठेवावें, तों तें फुगून वाट बंद करितें. बसलें कीं नाहीं हें पाहण्यास दोन्ही तळहात कानांवर घट्ट ठेवावे आणि काढावे; आवाजांत फारसा फरक न पडला तर बूच बरोबर बसलें. तळहातांनीं आवाज पुष्कळच कमी झाला तर काढून पुन्हां घालावें. आपला स्वतःचा आवाज घागरींत बोलल्यासारखा घुमूं लागला, हीही चांगली खूण आहे.

रबरासारख्या सिलिकोनचीं, छत्रीवर छत्री ठेवल्याप्रमाणें पाकळ्यांचीं बुचेंही मिळतात. तीं वळावीं लागत नाहींत, मातीच्या हातांनींही दांडी धरून घालतां येतात आणि धुवून पुन्हां पुन्हां वापरतां येतात. मात्र कानाच्या मापाचीं मिळालीं पाहिजेत. श्रवणतज्ज्ञाकडे कानाचा सांचा देऊन मुद्दाम करविलेलीं बुचें याहून महाग; नित्य नेमबाजी करणाऱ्या स्पर्धकांस तीं ठीक, पण वर्षाकांठीं दहा-वीस बार काढणाऱ्या राखणदारास तो खर्च आम्ही सुचविणार नाहीं.

इअरमफाचा मोठा गुण हा कीं तो घालण्यास शिकावें लागत नाहीं. वाट्यांची गादी कानाभोंवतीं सगळीकडून टेकली कीं काम झालें. परंतु आपल्या वेषास तो अडखळतो. फेट्यावरून किंवा कानटोपीवरून चढविलेला मफ गादी टेकूं देत नाहीं, आणि एवढ्याशा फटींतून आवाज आंत शिरतो. फेटा किंवा मुंडासें बांधणाऱ्यांनीं पट्टी डोक्यावरून न जातां मानेमागून जाणारा मफ पाहावा, आणि कानावरचा फेरा वर सारावा. चष्म्याच्या जाड काड्या, भिकबाळी, कानावर आलेले दाट केस हेही तोच घोटाळा करितात. वैशाखांत घामानें गादी निसटते व कान उकडतात, म्हणून कित्येक जण तो गळ्यांत अडकवून ठेवितात आणि ऐन वेळीं विसरतात.

आणखी एक अडचण दुकानांत कोणी सांगत नाहीं. लांब बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकवितांना जाड वाटी दस्त्यास आदळते, वाटी सरकते, आणि नेमही चुकतो. म्हणून बंदुकीसाठीं खालच्या बाजूस चपट्या वाट्यांचाच मफ घ्यावा. कारखान्यांतल्या यंत्रापुढें उत्तम ठरलेला जाड मफ येथें निरुपयोगी होतो. दुकानांत काठी खांद्यास लावून पाहण्यास लाजूं नये.

वेष्टनावरील आंकड्यांविषयीं आतां सांगितलें पाहिजे, कारण फसगत येथेंच होते. अमेरिकन मालावर ‘एन. आर. आर.’ आणि युरोपीय मालावर ‘एस. एन. आर.’ असा आंकडा असतो. आपल्या भारतीय मानकांतही कर्णरक्षकांसाठीं ‘आय. एस. ९१६७’ हें मानक आहे. एकाच मालावर हे दोन निरनिराळे आंकडे निघतात. म्हणून दोन मालांची तुलना करितांना एकाच पद्धतीचा आंकडा पाहावा. शिवाय हे आंकडे प्रयोगशाळेंत, शिकविलेल्या माणसांच्या कानांत, काळजीपूर्वक बसवून काढलेले असतात. आणेवारी बांधावरून केली असतां जशी निघते तशी खळ्यावर उतरत नाहीं, तसेंच हें आहे. म्हणून अमेरिकन संस्थेनें छाट सांगितली आहे: मफाच्या आंकड्यांतून चवथा हिस्सा आणि फोमच्या बुचाच्या आंकड्यांतून निम्मा वजा करावा. इतर बुचांतून तर शेंकडा सत्तर.

उदाहरण घेऊं. बंदूक १६० डेसिबलची. ३२ आंकड्याचें फोमचें बूच म्हणजे खरे १६. कानापर्यंत १४४ पोंचतात. २४ आंकड्याचा मफ म्हणजे खरे १८, पोंचतात १४२. दोन्ही मर्यादेच्या वरच राहिले. आतां बूच घालून त्यावर मफ चढविला तर काय? बेरीज होत नाहीं, कारण कांहीं आवाज कवटीच्या हाडांतूनच आंत जातो. दोहोंतील मोठ्या आंकड्यांत सुमारें पांच मिळवावे, असा ठोकताळा आहे. १८ आणि ५ मिळून २३, पोंचले १३७. हे आंकडे सतत चालणाऱ्या आवाजासाठीं काढलेले असल्यानें हा हिशेब केवळ अंदाजाचा. पण बंदुकीसाठीं बूच व मफ दोन्ही एकदम वापरावे, अशी जी सूचना ती संस्था करिते, तिचें कारण यांत दिसून येतें. निशाणाचा सराव करणाऱ्यांनीं, लागोपाठ बार काढणाऱ्यांनीं आणि ज्यांचा एक कान आधींच अधू आहे त्यांनीं ही सूचना अक्षरशः पाळावी असें आमचें मत आहे.

परंतु राखणदाराची खरी पंचाईत निराळीच आहे. तो रात्रीं माळ्यावर बसतो तो ऐकण्यासाठींच. ज्वारींत ताट मोडल्याचा कडकडाट, डुकरांच्या कळपाची घुरघूर, बांधावरून येणाऱ्या माणसाची चाहूल, हें सारें त्यास ऐकूं आलें पाहिजे. कान बंद करून बसलेल्या राखणदारास जनावर दिसेल तेव्हां दिसेल. पण त्याहून वाईट हें कीं, पिकांतून कोणी ‘अरे, मी आहें’ अशी हांक दिली तर तीही त्यास पोंचणार नाहीं. भरलेली बंदूक हातीं असतां ही गोष्ट थट्टेची नाहीं. कानांसाठीं दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणें कोणासही मान्य होणार नाहीं, आणि म्हणूनच कित्येक शहाणे शेतकरीसुद्धां कान उघडे ठेवितात.

यास दोन मार्ग आहेत. पहिला साधा: मफ गळ्यांत ठेवून ऐकावें, जनावर ओळखावें, मागें-पुढें माणूस नाहीं याची खात्री करावी, मफ चढवावा, मग बंदूक उचलावी. यास दोन-तीन क्षण अधिक लागतात. तेवढ्यांत डुक्कर पळालें तर पळूं द्यावें. पीक राखणें हाच हेतु होता आणि तो साधला. बूच मात्र या रीतीस उपयोगी नाहीं, कारण अंधारांत अर्धा मिनिट बूच वळीत बसणें कोणाकडून होत नाहीं.

दुसरा मार्ग विजेऱ्यांवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मफाचा. याच्या वाट्यांवर बाहेरून सूक्ष्म ध्वनिग्राहक असतात. मंद आवाज ते आंत पोंचवितात, हवे तर वाढवूनही देतात. आवाज साधारण ८२ ते ८५ डेसिबलांच्या वर गेला कीं आंतील यंत्र तत्काळ तो दाबतें. म्हणजे चाहूल ऐकूं येते आणि बार ऐकूं येत नाहीं. विजेरी संपली तरी तो साध्या मफाप्रमाणें कान झांकतोच. दोन ध्वनिग्राहक असलेला, म्हणजे आवाज डावीकडून आला कीं उजवीकडून हें कळूं देणारा घ्यावा. किंमत साध्या मफाच्या कित्येक पट पडते. परंतु ज्याच्याकडे हंगामभर नित्य जागल आहे, त्यास हा खर्च आम्ही निःशंकपणें सुचवितों. दोन-तीन शेजाऱ्यांनीं मिळून एक घेतला तरी चालेल, गादी पुसून वापरावा म्हणजे झालें. पावसांत भिजूं देऊं नये आणि विजेऱ्या काढून ठेवाव्या. कोंकणांतील दमट हवेंत आंत राहिलेली विजेरी यंत्रास गंज आणते.

याशिवाय मंद आवाज जाऊं देणारीं व दणका अडविणारीं, बारीक छिद्राचीं बुचें निघालीं आहेत. कल्पना चांगली, परंतु त्यांचा इतिहास सावध करणारा आहे. अमेरिकन सैन्यास पुरविलेल्या अशा दुतोंडी बुचांवरून लाखों सैनिकांनीं दावे लाविले. बूच आंखूड असल्यानें कानांत नकळत सैल होतें, असा त्यांचा आरोप होता. थ्रीएम या कंपनीनें दोष मान्य न करितां २०२३ सालीं सुमारें सहा अब्ज डॉलर देण्याची तडजोड केली. शिकविणारे अधिकारी हाताशीं असलेल्या सैनिकांची ही गत, तर दुकानांतून उचलून आणलेल्या बुचाविषयीं आपण अधिकच चौकस असावें.

बंदूकवाल्याचा बंदोबस्त झाला तरी शेजारच्याचा राहतो. माळ्यावर सोबतीस बसलेला गडी नळीच्या तोंडास कधीं कधीं बंदूकवाल्याहून जवळ असतो. त्याच्यासाठींही एक जोड ठेवावी. नसल्यास त्यास मागें बसवून कानांत बोटें घालण्यास सांगून मगच चाप ओढावा. पत्र्याच्या छपराखालीं, विहिरीच्या कठड्याशीं किंवा भिंतीजवळून बार काढूं नये. आवाज परतून दुसऱ्यांदा कानावर येतो. पत्र्याऐवजीं गवताचें छप्पर या कामीं बरें. मुलांस ‘गंमत पाहा’ म्हणून जवळ उभें करण्याची जी चाल आहे ती बंद झाली पाहिजे.

बार काढल्यावर कान बंद झाल्यासारखे वाटले, किर्र नाद सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशींही तो राहिला, तर वाट पाहूं नये. कानांत गरम तेल ओतूं नये. दोन-तीन दिवसांच्या आंत कानाच्या डॉक्टरास गांठावें. लवकर गेल्यास कांहीं वेळां औषधाचा उपयोग होतो, महिन्यानें गेल्यास बहुधा होत नाहीं. ज्याचा कान वाहतो, त्यानें बूच घालूंच नये, मफ वापरावा. कानांत मळाचा खडा असेल तर बूच तो आंत रेटतें. आधीं कान साफ करवून घ्यावा, आणि तोही डॉक्टराकडून, जत्रेंतल्या कान कोरणाऱ्याकडून नव्हे. नित्य बंदूक चालविणाऱ्यानें परवान्याच्या नूतनीकरणाच्या वर्षीं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीं यंत्रावर कान तपासून त्याचा कागद जपून ठेवावा. पांच वर्षांनीं दुसरा कागद आला म्हणजे दोन्ही शेजारीं ठेवून पाहतां येतात.

फोमचें बूच मळलें किंवा कडक झालें कीं टाकून द्यावें. धुवून तें पूर्ववत् फुगत नाहीं. सिलिकोनचीं बुचें साबणाच्या कोमट पाण्यानें धुवून सांवलींत वाळवावीं. मफाच्या गाद्या उन्हानें तडकतात व कडक होतात. तडकलेली गादी बदलावी, नुसत्या गाद्या निराळ्या मिळतात. हें सर्व साहित्य काडतुसांच्या पेटींतच, काडतुसांच्या वर ठेवावें, म्हणजे तें बाजूस केल्यावांचून काडतूस हातीं येणार नाहीं.